चावडीवरच्या आकड्यामागची घरं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बार्शी तालुक्यातल्या तुमच्या गावात चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून २६ माणसं गेली, त्यांतली ५ मेली, एवढंच तिच्यावर लिहिलंय. नावं नाहीत. आता ग्रामपंचायतीला शाळेसमोर स्मारक करायचंय. दोन्ही महायुद्धांतली आणि स्वातंत्र्यानंतरची सगळी नावं त्यावर घ्यायची आहेत, आणि १५ ऑगस्टच्या अनावरणाला प्रत्येकाच्या घरचं कुणीतरी हजर हवंय. तर नातेवाईक शोधायचे कसे?

सर, आधी तारखेचं बोलतो. १५ ऑगस्ट सोडून द्या. पाच घरं शोधायला मला एकदा सात महिने लागलेत आणि एकदा चार दिवसांत काम उरकलंय. यात हिशेब चालत नाही. सरपंचांना म्हणावं, चौथरा बांधून घ्या, दगड आणून ठेवा, पण छिन्नी लावायची घाई नको. हे मी हात पोळून शिकलोय, ते पुढे येईलच.

मी पलटणीतला नाही. महसुलात तलाठी म्हणून लागलो, मंडल अधिकारी म्हणून निवृत्त झालो, आणि गेली चौदा वर्षं सोलापूर जिल्ह्यात हेच करत फिरतोय. त्यामुळे माझा भरवसा कागदावर, आणि कागद संपला की घरातल्या म्हाताऱ्या बायकांवर.

यादी काढणं हा यातला सोपा भाग आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही १९१७ साली स्थापन झालेली संस्था दोन्ही महायुद्धांत कामी आलेल्यांच्या नोंदी ठेवते, आणि तिच्या संकेतस्थळावर त्या फुकट बघता येतात. पण तिथे सैनिकाच्या नावाने शोधू नका, नाव तुमच्याकडे नाहीच. 'अधिक माहिती' असा एक रकाना आहे, त्यात इंग्रजीत सोलापूर टाका. मात्र जुन्या स्पेलिंगने, म्हणजे 'शोलापूर'. मग बार्शीसाठी 'बार्सी' टाका. आपली बार्शी लाइट रेल्वेसुद्धा इंग्रजीत 'बार्सी'च होती. भारतीय सैन्याची चाळणी लावा आणि आलेली सगळी यादी उतरवून घ्या. अमक्याचा मुलगा, अमुक गाव, शोलापूर, बॉम्बे अशा ओळी दिसतील. दुसऱ्या महायुद्धाच्या नोंदींत पुष्कळदा बायकोचंही नाव असतं. ते असलं तर निम्मं काम झालं समजा.

आडनावांची मात्र वाट लागलेली असते. पवारचा पोवार होतो, पुवार होतो. शिंदेचा सिंदे, जाधवचा जादव आणि कधी जादो. इरप्पा, मलकारी, सिद्राम अशी आपल्याकडची नावं लिहिणाऱ्या कारकुनाने उभ्या जन्मात ऐकली नव्हती, त्यामुळे ती काहीच्या काही उमटली आहेत. बऱ्याच जणांना आडनावच नाही, नुसतं नाव आणि बापाचं नाव. गावाचाही घोळ आहे. बोरगाव, पिंपरी, वाडी ही नावं दर तालुक्यात निघतात. मंगळवेढं तेव्हा सांगली संस्थानात होतं, अक्कलकोट स्वतंत्र संस्थान होतं, आणि तुमच्या बार्शीच्या शिवेपलीकडे निजामाची हद्द लागायची. पलीकडच्या पोराने भरती होताना बार्शीचा पत्ता दिला असेल, ही शक्यता डोक्यात ठेवा. पाटीवर ५ आणि यादीत ७ आले तर घाबरायचं नाही.

तारखांचा एक नियम ध्यानात असू द्या. पहिल्या महायुद्धासाठी कमिशन ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंतचे मृत्यू धरतं, दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ पर्यंतचे. गोळीने मेला की हगवणीने, हा भेद त्यात नाही. घरचे लोक पुष्कळदा खाली मान घालून सांगतात, "लढाईत नाही हो, तो आजारानं गेला." त्यांना हे आवर्जून सांगा.

यादी हातात आली की पलटणीकडे बघा. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कूतच्या वेढ्यात सापडल्या. ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पडला, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. माणूस यांतला असेल आणि मृत्यू त्यानंतरचा असेल, तर तो तुर्कांच्या कैदेत गेला असण्याची शक्यता आधी तपासा. जिनिव्हाच्या रेड क्रॉसने पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांची कार्डं संकेतस्थळावर ठेवली आहेत. आपल्या घरांमध्ये मेसोपोटेमिया हा शब्द कुणी उच्चारत नाही, "बसऱ्याला गेला" असं म्हणतात. बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांवर माणसांची नोंद आहे, पण हिंदी शिपायांची नावं तिथे कोरलीच नाहीत. अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि शिपायांचा पलटणवार नुसता आकडा. तुमच्या चावडीसारखंच. ते स्मारकही १९९७ मध्ये मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्याला वाळवंटात नेलं. या असमान वागणुकीवर कमिशनने स्वतःच २०२१ मध्ये अहवाल काढला. आणि कुणी म्हणालं की नावं इंडिया गेटवर असतीलच, तर तसं नाही. तिथे तेरा हजारांच्या आसपास नावं आहेत. पहिल्या महायुद्धात मेलेले हिंदी सैनिक ७४ हजारांच्या घरात जातात. पंजाबच्या जुन्या भरती-वह्यांची बातमी मधे फिरली होती, बरेच जण तिच्याबद्दल विचारतात. त्या वह्या पंजाबपुरत्या आहेत.

आता खरं काम. माणूस १९१६ साली बसऱ्याला मेला, त्याचं वय बावीस, लग्न झालं असेल-नसेल. त्याचं घर आज कुठलं?

नवा माणूस पहिली चूक करतो ती मृत्यूच्या नोंदीत. तो कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, मागवतो आणि त्यात मृत्यू शोधत बसतो. परमुलखात मेलेल्याचा मृत्यू गावच्या कोतवालाच्या वहीत कशाला येईल? त्या वहीत जन्म बघा. १९०५ ते १९१९ दरम्यान त्या नावाच्या बापाला मूल झालंय का, त्याच्या बापाला आणखी मुलं आहेत का. भाऊ सापडला की घर सापडतं. पानं मोडीत आहेत म्हणून हातपाय गाळू नका. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा तहसिलांतून अशा वह्या उपसल्या गेल्या आणि स्कॅन झाल्या. तेव्हाचा हा फायदा आपल्या कामालाही होतो. आधी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर गाव बघा, मग तहसिलाच्या अभिलेख कक्षात अर्ज करा.

दुसरा कागद म्हणजे जुने फेरफार आणि वारसांची वही, नमुना ६-क. नशीब असेल तर वारस लावताना इसम पलटणीत मयत झाला असा शेरा सापडतो. मला आजवर असे शेरे मोजून नऊ मिळालेत, आणि प्रत्येक वेळी चहा सांडलाय. पण तरणी पोरं पलटणीत जायची ती जमीन नसली म्हणूनच; असली तरी खातं थोरल्या भावाच्या नावावर. तेव्हा नोंद नाही म्हणजे माणूस नाही, असं धरू नका. एकत्रीकरणात सर्व्हे नंबरचे गट नंबर झाले तिथे धागा तुटतो. तो जोडायला जुना तलाठी गाठा. महार घरांसाठी वतनाची कागदपत्रं बघा. वतन १९५८ च्या कायद्याने गेलं, पण पाळी कुणाकडून कुणाकडे आली याच्या चौकशीत वंशावळी नोंदवलेल्या असतात, कधी कधी पाटलाच्या घराण्यापेक्षा नीट. १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. त्यातली नावं असतील तर हीच वाट. शाळेचं जनरल रजिस्टर तर तुमच्याच कपाटात असेल, ते राहून जाऊ देऊ नका.

कागद इथवर आणतो. पुढे माणसं लागतात, आणि गाडी अडते ती बहुतेक बायकांच्या पायरीशी, कारण आपण बायकांना विचारतच नाही. शिपाई मेला, बायको सतरा-अठरा वर्षांची. कितीतरी जातींत तिचा म्होतूर, म्हणजे दुसरं लग्न, लागायचा. ती दुसऱ्या गावी गेली, कडेवरचं पोर बरोबर नेलं, आणि त्या पोराला पुढे नव्या बापाचं आडनाव लागलं. म्हणजे शिपायाचा खरा वंश आज भलत्याच गावात, भलत्याच आडनावाने नांदतोय आणि त्याला याचा पत्ताही नाही. असं घर मी माळशिरसकडे शोधलं ते एका नव्वदीच्या आजीमुळे. तिला शिपायाचं नाव ठाऊक नव्हतं. तिला एवढंच आठवत होतं की सासूच्या पहिल्या घरचं एक लुगडं पेटीत वेगळं ठेवलेलं असायचं आणि त्याला कुणी हात लावायचा नाही. त्या पेटीच्या तळाशी पेन्शनचा कागद निघाला.

मूल नसेल तर भाऊबंदांची वाट. इथे हेळवी लोकांची मदत घ्या. आपल्या आणि कर्नाटकाच्या सीमेवर हे लोक पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांच्या वंशावळी वहीत ठेवत आलेत. काही वर्षांनी एकदा येतात, धान्य किंवा पैसे घेतात, नवी नावं चढवतात. तुमच्या गावाचा हेळवी कोण, हे जुनी घरं सांगतील. पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यांच्या चोपड्यांतही गावनिहाय नावं असतात, पण तिथे वेळ फार जातो, नाशिक-त्र्यंबकलाही तसंच.

आणि देवघर बघा, अर्थात घरच्यांनी दाखवलं तर. अकाली गेलेल्याचा टाक करून देवात बसवायची चाल आपल्याकडे आहे. मोहोळ तालुक्यातल्या एका घरात सूनबाईंनी तबकातून टाक काढून माझ्या हातावर ठेवला. बोटाच्या दोन पेरांएवढा चांदीचा पत्रा, घासून घासून घोडेस्वाराचं तोंड गुळगुळीत झालेलं. "हे आमचे वीर," म्हणाल्या. कुणाचे कोण, ते ठाऊक नाही. दर होळीला न्हाऊ घालतात. मग सासऱ्यांनी सांगितलं की हा टाक घडवायला चांदी नव्हती म्हणून "राणीचा बिल्ला" मोडला होता. पहिल्या महायुद्धाचं शिपायाला मिळालेलं एक पदक चांदीचं होतं, मजूर-हमालांना तेच कांस्याचं दिलं. चित्र त्यावर राजाचं, पण आपल्याकडे सगळंच राणीचं. म्हणजे पुरावा वितळून देव झाला होता. त्या पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते, म्हणून मोडलेलं असो की शाबूत, पदकाचं विचाराच.

मेलेल्याच्या घरी एक कांस्याची तबकडीही यायची, बशीएवढी, वर सिंह आणि बाईचं चित्र, हुद्द्याशिवाय नुसतं नाव. हा स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला, असं तिच्यावर इंग्रजीत लिहिलेलं असतं. करमाळ्याकडे ती मी दुधाच्या भांड्यावर झाकण म्हणून बघितली आहे.

आता माझी चूक. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका गावात, कामाला लागून मला तीनच वर्षं झाली होती. नोंदीत शिपायाचं नाव आणि बापाचं नाव दोन्ही इतकी सरसकट होती की गावात तशी दोन घरं निघाली. एका घरचे म्हातारबाबा म्हणाले, हो, आमचा चुलता पलटणीत होता. मला कार्यक्रमाची तारीख गाठायची होती. मूळ नोंदीत आडनाव नव्हतं, ते मी या घरावरून घातलं आणि दगडावर कोरून घेतलं. म्हाताऱ्यांना शाल-नारळ दिला, फोटो काढले. दोन वर्षांनी भोसरीच्या कंपनीत काम करणारा एक तरुण जत्रेला गावी आला, दगड वाचला आणि मला फोन केला. आजोबा गिरणीत लागले तेव्हा त्यांचं कुटुंब गाव सोडून सोलापुरात आलं आणि गिरणी बंद पडल्यावर पुण्याला गेलं. त्याने बिस्किटाच्या डब्यात पदक आणलं होतं. कडेवरचा नंबर आणि पलटण नोंदीशी हुबेहूब जुळली. म्हातारबाबांचा चुलता खरंच पलटणीत होता, पण तो परत आला होता. पाटीवरच्या परत आलेल्यांतला. म्हाताऱ्यांना हे सांगायला मी गेलो, तर त्यांनी काही न बोलता आतून शाल आणली, घडी घातलेलीच, आणि माझ्या पुढ्यात ठेवली. दगडावरच्या त्या आडनावावर आजही पितळेची पट्टी बसवलेली आहे.

तेव्हापासून मी दोन धाग्यांशिवाय घर पक्कं म्हणत नाही. एक कागदाचा, एक घरचा, आणि घरच्याने तो कागद आधी ऐकलेला नसावा. नुसता नंबर जुळणंही पुरत नाही, कारण तेव्हा नंबर पलटणीपुरते असत, तोच नंबर दुसऱ्या पलटणीत दुसऱ्याचा. दगडावर नोंदीत आहे तेवढंच नाव घ्या. घर सापडलं नाही तर नाव तरी आहेच. चुकीचं घर जोडलं तर दोन घरं दुखावतात.

घरी जाताना तलाठ्याला किंवा ग्रामसेवकाला बरोबर नेऊ नका. वारस हा शब्द उच्चारला की लोकांना जमीन आठवते आणि दार बंद होतं. भाऊबंदकीत आधीच दिवाणी दावे चालू असतात. उंबऱ्यातच सांगा की जमिनीचं, पैशाचं काही नाही, आधार कार्ड नको, सही नको. पेरणी-काढणीत जाऊ नका, दुपारी तीनच्या पुढे जा, बायकांना जरा सवड असते. आणि नाव आपण सांगायचं नाही. "तुमच्या घरचं कुणी फार पूर्वी पलटणीत होतं का हो, आजी?" एवढंच विचारून गप्प बसायचं. आपण नाव घेतलं की पाहुण्याचा मान राखायला लोक हो म्हणतात. माझ्या म्हाताऱ्यांनीही खोटं काही सांगितलं नव्हतं. मीच नाव पुढे केलं होतं.

गाव सोडून गेलेल्यांसाठी जत्रेसारखी संधी नाही. बाहेर पडलेला माणूस लग्नाला येणार नाही पण ग्रामदैवताच्या जत्रेला येतो. देवळाच्या वाटेवर नुसत्या नावांचा एक फलक लावा, खाली तुमचा फोन. सोलापूर शहरात हेच काम जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर होतं. करमाळा-माढ्याकडची काही गावं उजनीच्या पाण्याखाली गेली, त्यांची माणसं पुनर्वसनाच्या गावठाणांत विखुरली. तिथे मला फक्त जत्रेनेच हात दिला. 'संचार'मध्ये चार ओळींची बातमी आली तरी फोन येतात, मात्र त्यातले अर्धे पेन्शन चालू होईल का विचारायला.

स्वातंत्र्यानंतरच्या जवानांसाठी एवढी धडपड नको. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात वीरपत्नी आणि वीरमाता-पित्यांच्या नोंदी असतात, दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावरची नावं संकेतस्थळावर शोधता येतात. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या विधवांना राज्याकडून अनुदान मिळत आलंय, त्यामुळे परत आलेल्यांचीही माहिती त्याच कार्यालयात निघते, आणि परत आलेल्याच्या नातवाला मेलेल्याचं घर हमखास ठाऊक असतं.

तुमच्या सभेत एक वाद होणार, तयारीत राहा. कुणीतरी उठून म्हणेल, इंग्रजांसाठी मेलेल्यांचं स्मारक कशाला? सोलापूर हे १९३० च्या मार्शल लॉचं शहर. १२ जानेवारी १९३१ ला आपले चार जण येरवड्यात फासावर गेले आणि आपल्या जिभेवर हुतात्मा हा शब्द त्यांच्यासाठी बसलेला आहे. म्हणून मी दगडावर 'युद्धात कामी आलेले' असं लिहायला सुचवतो. ते कुणालाच खोटं वाटत नाही. मात्र दुसऱ्या एका बाबतीत मागे हटू नका. खेचरवाले, डोलीवाले, मजूर पलटणीतले, महार-मांग, सगळी नावं एका माळेत, मृत्यूच्या तारखेप्रमाणे. एका गावाने मजूर वेगळ्या बाजूला कोरायचं ठरवलं तेव्हा मी वही मिटून घरी आलो.

घर पक्कं झालं की त्यांना सगळ्यात आधी तारीख द्या, निमंत्रण नंतर. सांगोल्याकडच्या एका घरात शंभर वर्षं त्या चुलत पणजोबाचं पान सर्वपित्री अमावास्येला वाढलं जायचं, कारण गेल्याचा दिवसच माहीत नव्हता. मी नोंदीचा कागद दिला तेव्हा घरातल्या आजोबांनी स्मारकाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. चष्मा लावून तारीख दोनदा वाचली आणि म्हणाले, "याची तिथी कोणती पडते, ते कोण काढून देईल?" त्या वर्षीच्या जुन्या पंचांगासाठी आम्ही दोघे दुसऱ्या दिवशी पंढरपूरला गेलो.

यादी निघाली की मला पाठवा. कोतवाल बुकातली मोडी पानं मी वाचून देईन. फोटो उजेडात, वरून सरळ काढा, बोटाची सावली पडू देऊ नका, आणि पानाचा डावा कोपरा कापू नका, साल तिथेच असतं.